मे महिन्याचा गोषवारा

कार्तागो, २ मे १९१०

एवारिस्तो भावोजी,

तुम्ही पाठवलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा शुक्रवारी केळ्यांच्या बोटीने आला. धूमकेतूची पानं मी दोनदा वाचली. त्याच्या शेपटीतून पृथ्वी जाणार आणि विषारी हवेने आपण सगळे गुदमरणार, असं एक विद्वान म्हणतो. दुसरा म्हणतो, काही होणार नाही. दोघांनाही सारखीच जागा दिली आहे. एकाला तरी कमी द्यायला हवी होती असं मला वाटतं.

तेरा एप्रिलच्या धक्क्यानंतर इथली जमीन अजून पुरती निजलेली नाही. दिवसातून एकदोनदा फळीवरचे कप वाजतात. अर्धं गाव अंगणात झोपतं. देल्फिनाही पंधरा दिवस माझ्याकडे परसातल्या छपराखाली होती. काल ती बार्केरोंच्या घरी कामावर परत गेली. मालकीणबाईंचा निरोप आला की घर आता ठणठणीत आहे, इस्त्रीचा ढीग पडलाय, मुलीला पाठव. उद्या क्रुसाचा सण, म्हणून घरोघर चुना चाललाय. आठ दिवसांत मी चार घरं पांढरी केली, त्यांत बार्केरोंचंही. चुन्याने बोटं सोलवटली आहेत, अक्षराला नावं ठेवू नका.

तुमची मुलगी बरी आहे. एकोणीस पूर्ण झाली आणि आता माझ्याकडे वरून बघते. तुमच्यासारखीच मोठ्याने वाचते. कपड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता बातम्या म्हणून दाखवते. तुमचे दादा असते तर म्हणाले असते, एका घराण्यात दोन घंटा कशाला. उद्या तीन वर्षं होतील त्यांना जाऊन. मी मेणबत्ती लावीन, तुमच्या नावाचीही एक.

कासिल्दा


हवाना, ८ मे

वहिनी,

गुरुवारी तार आली: कार्तागो जमीनदोस्त. सहा ओळी होत्या. शुक्रवारी त्याच सहा ओळी पुन्हा. काल शनिवारी इंग्लंडचा राजा वारल्याची बातमी आली आणि पहिल्या पानाला काळी चौकट चढली. आपलं गाव आतल्या पानावर, जहाजांच्या वेळापत्रकाखाली गेलं.

कामगारांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची नोकरी, म्हणून मला कारखान्यातल्या चबुतऱ्यावर बसून राजाची सगळी बिरुदं वाचावी लागली. खाली दोनशे माणसं चिरूट वळत होती. एलेउतेरिओ म्हणून एक म्हातारा आहे, सगळ्यांत जुना वळणारा. त्याने तंबाखूचं पान कापायच्या पात्याने टेबलावर टकटक केलं आणि म्हणाला, "मास्तर, राजाला पुरायला पुष्कळ माणसं आहेत. तुमच्या गावाचं वाचा."

मी म्हटलं, सहाच ओळी आहेत.

"मग त्याच पुन्हा वाचा."

मी त्या पुन्हा वाचल्या. तीन तारा केल्या आहेत, उत्तर नाही. वहिनी, देल्फिना कुठे आहे? लांब लिहू नका. एक शब्द धाडा.

एवारिस्तो


कार्तागो, १२ मे

भावोजी,

तुमच्या तिन्ही तारा मंगळवारी एकदम मिळाल्या. तारघर आता एका तंबूत आहे आणि सरकारी तारा आधी जातात. एका शब्दात सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून पत्र लिहिते.

मी जिवंत आहे. बुधवारी संध्याकाळी सात वाजायला दहा मिनिटं होती. मी दुधासाठी कुरणात गेले होते, म्हणून वाचले. मागे वळले तर गाव दिसेना, नुसती धूळ उभी होती. एक प्रार्थना म्हणून होईल एवढाही वेळ लागला नाही. पाच देशांची भांडणं मिटवायला तो नवा शांतीमहाल बांधला होता ना, तोही गेला. तो काही मातीचा नव्हता. तरी राजधानीहून आलेले लोक नाकाला रुमाल लावून म्हणतात, माती होती म्हणून मेले. नेग्रिता माउलीची, आपल्या काळ्या मेरीमातेची, मूर्ती उघड्यावर मांडवात आहे. लोक तिच्यापुढे रांगेने बसतात, आणि बाजूलाच पावाची रांग असते. कुठल्या रांगेत उभे आहोत ते कित्येकांना कळत नाही.

रविवारी राजधानीत नव्या अध्यक्षांनी शपथ घेतली. आम्हाला ते दोन दिवसांनी कळलं.

जखमींना आगगाडीने सान होसेला नेलं. पहिल्या दोन गाड्या नावं न लिहिताच गेल्या. याद्या रोज स्टेशनच्या फळीवर लावतात. मी रोज वाचते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठीही वाचते. देल्फिनाचं नाव अजून कुठल्याच यादीत नाही.

आज एवढंच. पाऊस धरलाय आणि कागद भिजतोय.

कासिल्दा


हवाना, २१ मे

वहिनी,

तुमचं पत्र काल आलं. मी ते चबुतऱ्यावरूनच वाचून दाखवलं. 'कुठल्या रांगेत उभे आहोत ते कळत नाही' या ओळीला सगळ्यांनी पाती टेबलावर आपटली. आमच्याकडे टाळ्या अशाच वाजतात. एलेउतेरिओने उभं राहून ठराव मांडला की यापुढे कार्तागोचं पत्र आलं की तिथंच फोडून वाचायचं, वर्तमानपत्राच्या आधी. दोनशे हात वर गेले. मीही वर केला. त्या वर्तमानपत्रापेक्षा तुम्ही चांगलं लिहिता. हे मी आधी कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही दादांच्या विटा गुंडाळायच्या रद्दीवरून अक्षर चोरून शिकलात तेव्हा मी तुम्हाला हसलो होतो.

कुठल्याच यादीत नाव नाही, म्हणजे मेलेल्यांच्या यादीतही नाही. हो ना? मी तोच अर्थ घेतला. सान होसेच्या इस्पितळाला पत्र घातलं आहे: उंच, डाव्या भुवईत जुना व्रण, मोठ्याने बोलते. बेशुद्ध असेल तर नाव कसं सांगणार? हे आधी माझ्या ध्यानात कसं आलं नाही.

धूमकेतू आला आणि गेला. सगळी हवाना गच्च्यांवर चढली होती. काही झालं नाही. झालं ते पिनार देल रिओला, तिथली छावणी बारुदीच्या स्फोटाने उडाली. आता वर्तमानपत्राला दुःखं मोजून छापावी लागतात. राजाच्या अंत्ययात्रेला किती राजे घोड्यावर होते ते मी आज वाचलं. नऊ.

काल रात्री मला झोप लागली.

एवारिस्तो


कार्तागो, २३ मे

भावोजी,

तुमचं आठ तारखेचं पत्र उशिरा मिळालं. तेव्हापासून मी लिहीन लिहीन म्हणते आहे. आज तुम्हाला एका भिंतीबद्दल लिहिते. चिखल तुडवणाऱ्यांच्या घरात वाढलात तरी तुम्हाला चिखलाचा कंटाळा होता, म्हणून मुळापासून सांगते.

बार्केरोंच्या घराच्या कच्च्या विटा तुमच्या दादांनी घातल्या होत्या, बावीस वर्षांपूर्वी. गवत कापून मिसळलेला चिखल, बैलांनी तीन दिवस तुडवलेला. महिनाभर उन्हात, रोज विटेची कूस बदलून. भिंत पुरुषभर झाली तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, याच्यावर एक वीतही नको. पाच वर्षांपूर्वी बार्केरोंना उंच छत हवं झालं. दादांनी नाही म्हटलं. तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी बोलावून, भर पावसात, आठ दिवसांच्या ओल्या विटांनी ती भिंत तीन हात वर नेली आणि तिच्यावर कौलांचं ओझं चढवलं.

तेरा एप्रिलला इस्त्रीच्या खोलीत त्या भिंतीला भेग पडली. तळहात आडवा जाईल एवढी. दादांची रीत तुम्हाला आठवत असेल. भेगेवर आडवी कागदाची पट्टी खळीने डकवायची आणि आठ दिवस बघायचं. पट्टी शाबूत राहिली तर भिंत थांबली. फाटली तर भिंत चालतेय, खाली माणूस ठेवायचा नाही. मी तुमच्या आधीच्या एका गठ्ठ्यातल्या वर्तमानपत्राची पट्टी कापून डकवली. तिसऱ्या दिवशी फाटली. दुसरी डकवली. तीही फाटली.

मालकीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "कासिल्दा, सणाला पाहुणे यायचेत आणि तू भिंतीवर वर्तमानपत्र लावून ठेवलंयस? काढ ते, चुना मार."

मी म्हटलं, बाई, भिंत चालतेय.

त्या हसल्या. "चालतेय तर जाऊ दे की. संध्याकाळी येईल परत."

मी पट्टी काढली. भेगेत ओला चिखल भरला आणि वरून चुन्याचे तीन हात दिले. सांगितलं म्हणून केलं, हे खरं. माहीत असून केलं, हेही खरं. चुना सुकल्यावर ती भिंत त्या घरातली सगळ्यांत देखणी भिंत दिसत होती.

रविवारी देल्फिना कामावर परत गेली तेव्हा मी माझ्या बादल्या उचलत होते. तिने भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "काकू, बरी आहे ना गं भिंत?" मी म्हटलं, "सुकू दे, कपड्यांना लागेल." एवढंच म्हटलं. तिने दोनदा विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, अशी मी मनाची समजूत घालते. तिने एकदाच विचारलं.

बुधवारी ती त्या भिंतीकडे पाठ करून इस्त्री करत होती. गुरुवारी सकाळी आम्ही तिला काढलं, मी आणि शेजारचे दोघे. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. त्याच दुपारी स्मशानाच्या पूर्वेकडच्या मोठ्या चरात तिला इतरांबरोबर ठेवलं. फादर एकदाच सगळ्यांसाठी म्हणाले. मी तिच्या अंगावर माझी शाल घातली.

याद्या मी रोज वाचत होते, हे खोटं नव्हतं. तिचं नाव मेलेल्यांत नव्हतं, कारण ते द्यायला मी गेलेच नव्हते. एकदा लिहिलं की झालंच, असं वाटत होतं.

आता लिहिते आहे, कारण काल बार्केरो स्वतः माझ्या तंबूत आले होते. नवं गाव कसं बांधायचं हे ठरवायला मंडळ निघतंय आणि त्यांना त्याच्यावर बसायचं आहे. तडकलेल्या घरात मुलगी कशी ठेवली, असं कुणी विचारू नये म्हणून त्यांनी तुमच्या दादांचं नाव घालून कागद लिहून आणला होता: 'क्लेतो मासीस याने घातलेल्या विटा मुळातच निकृष्ट होत्या.' खाली माझा अंगठा हवा. त्याच्या बदल्यात बारा जस्ताचे पत्रे, पावसाआधी डोक्यावर छप्पर. मी म्हटलं, ठेवून जा, वाचते. ते म्हणाले, तुला कशाला त्रास, मी सांगतो ना काय लिहिलंय.

कासिल्दा


हवाना, ३१ मे

वहिनी,

तुमचं पत्र मी दोनशे माणसांसमोर वाचलं. मोठ्याने. फोडून, तिथंच, ठरल्याप्रमाणे.

माझं एकवीस तारखेचं पत्र तुम्हाला तोवर मिळालं नसणार. मिळालं असतं तर तुम्ही पाकिटावरच 'एकट्याने वाचा' असं काही लिहिलं असतं.

भिंत संध्याकाळी परत येईल यावर लोक हसले. मीही हसलो. 'बरी आहे ना गं भिंत' हे मी मुलीच्या आवाजात वाचलं. मी प्रत्येकाचा आवाज काढतो, त्यासाठीच मला इथं निवडलं आहे. वाचणाऱ्याचा डोळा तोंडाच्या एक ओळ पुढे असतो. म्हणजे मला एक ओळ आधी कळलं, आणि तोंड थांबलं नाही. वीस वर्षांची सवय, वाक्य अर्ध्यात सोडायचं नाही. चर वाचला, शाल वाचली, जस्ताचे पत्रे वाचले. तुमची सही वाचली.

एकही पातं हलत नव्हतं. एलेउतेरिओ चबुतऱ्यापाशी आला आणि म्हणाला, "मास्तर, खाली या." मी गेलो नाही. हातात पुढचा कागद होता तो वाचायला घेतला. आजच्या अंकात मे महिन्याचा गोषवारा होता, जगात काय काय घडलं त्याचा. राजा वारला. धूमकेतू निरुपद्रवी ठरला. बोयनोस आयरेसने स्वातंत्र्याची शंभरी साजरी केली. दक्षिण आफ्रिकेत चार वसाहतींचा एक देश झाला. आणि तळाशी, मी कात्रण सोबत जोडलं आहे, तुम्हीच वाचा. तेही मी नीट, थांबे घेत वाचलं.

वहिनी, मला तुमचा राग आहे. चुन्याचा कमी, बारा तारखेच्या पत्राचा जास्त. मी ते आज सातव्यांदा वाचलं. त्यात एकही वाक्य खोटं नाही. इतक्या सफाईने मला खोटं बोलता आलं नसतं. तुमच्या त्या पत्रामुळे मी अकरा दिवस जिवंत मुलीचा बाप होतो. इस्पितळाला तिच्या भुवईचा व्रण लिहून कळवला. ते अकरा दिवस मला द्यायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

आणि त्या माणसाला तुम्ही कागद ठेवून जा म्हणालात. तोंडावर का नाही फेकलात?

एवारिस्तो


कार्तागो, ८ जून

भावोजी,

तुमचा राग पोचला. तो माझाच आहे, मी ठेवून घेते. चबुतऱ्यावर काय झालं ते मी दोनदा वाचलं. अकरा दिवसांबद्दल एवढंच सांगते. तुम्हाला रात्री झोप तरी लागावी असं मला वाटत होतं, आणि तेही मी तुमच्यासाठी केलं की माझ्यासाठी, हे मला ठाऊक नाही.

आता तुमच्या कात्रणाबद्दल. 'मध्य अमेरिकेत मातीच्या झोपड्या कोसळून काही शेकडा रहिवासी दगावले.' हे लिहिणाऱ्याला कुणीतरी इथं आणावं. झोपड्या कुठल्या? न्यायाधीशाचं घर होतं, शाळा होती, देऊळ होतं. रहिवासी कोण? राजाला पाच नावं आणि सतरा बिरुदं, आणि आमच्यात एकालाही एक नाव नाही? धूमकेतूने कुणाला मारलं नाही तरी त्याला अर्धं पान दिलं. आम्ही मेलो तर मातीने मेलो, जशी काही माती आपणहून उठून भिंतीवर चढून बसली. ओल्या विटा कुणी चढवल्या, पट्टी कुणी काढायला लावली, काढली कुणी, हे कुठल्याच गोषवाऱ्यात येत नाही. 'मातीच्या' हा एक शब्द मला इतका लागला की त्याच पायी मी उठले.

कागद तोंडावर फेकला असता तर बार्केरोंनी दुसरा लिहून आणला असता आणि दुसऱ्या कुणाचा अंगठा घेतला असता. म्हणून ठेवून घेतला. सोमवारी तोच घेऊन गेले.

पडलेल्या घरांची नोंद शाळेच्या अंगणात घेतात. टेबलाचा एक पाय मोडलेला, विटांवर टेकवलेला. कारकून पोरगेलासा, राजधानीचा, डोळ्यांखाली काळं. त्याचं काम सोपं नाही, हे मी मान्य करते. मी त्याला सगळं सांगितलं, अर्धा तास लागला. त्याने दोन ओळी लिहिल्या आणि शाईची डबी माझ्यापुढे सरकवली. मी कागद फिरवून घेतला. लिहिलं होतं: 'कच्च्या विटांची भिंत भूकंपाने पडली, एक नोकर स्त्री मृत.'

मी म्हटलं, हे मी बोलले नाही.

"सारांश आहे बाई."

"सारांश घरी कर. इथं माझं लिही."

त्याने मान वर केली. "तुम्हाला वाचता येतं?"

"येतं. म्हणून तर तुझी पंचाईत झाली."

मागे रांगेतली एक बाई हसली. मग त्याने नवा ताव घेतला. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. पट्टी डकवली ते, दोनदा फाटली ते, मालकीणबाईंचे शब्द जसेच्या तसे. मग मी म्हटलं, आता लिही: 'भिंत चालते आहे हे मला, कासिल्दा मासीस, चुनेकरणीला, माहीत होतं, आणि मी ती भेग माझ्या हाताने बुजवली.' तिथं त्याचा टाक थांबला.

"बाई, यात पहिल्यांदा तुम्हीच अडकता."

"अडकू दे. पण एकटी नाही."

बार्केरोंचा कागदही मी त्याच्यापुढे ठेवला. त्यांच्याच अक्षरातला. शेवटी देल्फिनाचं नाव सांगितलं, तुमचं नाव बाप म्हणून, वय एकोणीस. त्याने ते यादीत उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी फळीवर लागलं. मी मोठ्याने वाचलं, बाकीच्यांचं वाचते तसंच.

बार्केरोंना हे कळायला संध्याकाळ लागली नाही. त्यांनी वकील केला आहे. तीस तारखेला, गुरुवारी, माझी तपासणी आहे, त्यांच्या समोर. दरम्यान त्यांनी उरलेली भिंत पाडायला फावडी घेऊन चौघं पाठवले. वरचे तीन हात पडले ना, पण खालची भिंत छातीएवढी अजून उभी आहे. ती तुमच्या दादांची. ती पाडली की त्यांच्या विटा वाईट होत्या असं म्हणायला मोकळे. म्हणून मी माझा तंबू उचलून त्या भिंतीला लावला. मुकादम म्हणाला, "आजी, तंबू काढा." मी म्हटलं, आधी मला काढ. तो डोकं खाजवत राहिला. शेवटी माझ्याकडचं गुळाचं कढत पाणी पिऊन माणसं घेऊन गेला.

त्या भिंतीला एक बारीक चीर आहे. तंबू इथं आणायच्या आधीच मी तिच्यावर पट्टी डकवली होती. इथं अजून रोज हादरे बसतात. लोक येऊन पट्टी बघून जातात. आज नववा दिवस, शाबूत आहे.

मला भीती वाटत नाही असं नाही. वकिलाच्या तोंडी लागायची मला सवय नाही. तो म्हणेल, तूच मारलीस मुलीला, आणि अर्धं खरंच असेल. उरलेलं अर्धं सांगेपर्यंत मला बोलू देतील की नाही, एवढीच काळजी आहे.

निवेदनाची नक्कल मी स्वतः उतरवून सोबत पाठवते आहे.

कासिल्दा


हवाना, १६ जून

वहिनी,

नक्कल मिळाली. या वेळी आधी एकट्याने वाचली. मग चबुतऱ्यावर नेली आणि विचारलं, वाचू का. एलेउतेरिओ म्हणाला, "मास्तर, तुम्हाला झेपेल तर."

वाचली. कुणाचा आवाज काढला नाही. 'मी माझ्या हाताने बुजवली' तिथं कुणीतरी खालून विचारलं, ही बाई कोण. मी म्हटलं, माझी वहिनी. पात्यांचा आवाज झाला नाही. पण दुपारी बायाबापे, पानं सोलणाऱ्या मुली, सगळ्यांनी एका तावावर सह्या केल्या की मे महिन्याच्या गोषवाऱ्यातली ती ओळ चुकीची आहे आणि वर्तमानपत्राने ती दुरुस्त करावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आपलं नाव मला सांगितलं. संपादकाकडे मी स्वतः नेऊन दिला. छापतील असं वाटत नाही.

मी येतो आहे. एकवीसच्या बोटीने. सत्तावीसच्या सुमारास लिमोनला, तिथून गाडीने. कामगारांनी माझी जागा राखून ठेवली आहे.

माझा राग गेलेला नाही. तो माझ्याबरोबर उतरेल. त्याची तयारी असू द्या.

एवारिस्तो


कार्तागो, २४ जून
(लिमोनच्या टपालघरात एवारिस्तो मासीस यांनी बोटीवरून उतरल्यावर मागून घ्यावे)

भावोजी,

सकाळच्या गाडीने या. दुपारची दरडीपाशी थांबते आणि कधी सुटेल ते कुणी सांगत नाही. चढावर डाव्या बाजूला बसू नका, तिकडून सगळं गाव एकदम दिसतं. मी स्टेशनवर असेन. तंबूपाशी शेजारीण बसेल, भिंत सोडून आम्ही दोघी एकदम जाणार नाही.

आधी चराकडे नेईन. तिथं नावाची पाटी लावू देत नाहीत, सगळ्यांचा मिळून एकच क्रूस आहे. पण पूर्वेच्या टोकापासून सहावी जागा तिची. मी तेव्हा मोजून ठेवलं होतं.

गुरुवारची गोष्ट सांगते. त्या कारकुनाने मला गुपचूप सांगितलं की तपासणीत साक्षीदाराला आपलं निवेदन स्वतः वाचून दाखवता येतं, आणि वाचून होईपर्यंत वकिलाला मध्ये तोंड घालता येत नाही. फक्त वाचता यायला हवं. बार्केरोंना वाटतंय की माझ्या वतीने तुम्ही वाचाल. गावात तसंच बोलतात, हवानाहून मोठ्या आवाजाचा दीर येतोय म्हणून. तुमचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे हे मला माहीत आहे. तुम्ही वाचलंत तर लोक रडतील.

मला ते नको आहे. त्या मुलीला मी एकदा उत्तर दिलं नाही. ते आता माझ्याच तोंडून यायला हवं. मी रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून वाचायचा सराव करते. दोन ठिकाणी अडखळते, तिथं अडखळू द्यायचं ठरवलं आहे.

तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि ऐका. मी थांबले तर पुढची ओळ सांगू नका. रागवायचं ते त्यानंतर, हवं तितकं. मी कुठं जात नाही.

कासिल्दा